सह्या जमल्या, पण विचारले कुठे?

पुनर्विकासाच्या संमतीपत्रावर रहिवाशाने भरायच्या जागा मोजून पाहाव्यात. नाव, गाळा क्रमांक, सध्याचे क्षेत्रफळ, तारीख, सही. ‘नको’ लिहायला जागा नसते, आणि ‘असे नको, तसे करा’ लिहायला तर नसतेच नसते. पुष्कळदा तारीखही कोरी ठेवायला सांगतात. सह्यांचा आकडा भरला की मग सगळ्यांवर एकच तारीख पडते. मुंबईतल्या सरकारी आणि म्हाडाच्या, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाच्या, जुन्या वसाहतींत ‘रहिवाशांचा सहभाग’ म्हणून जे दाखवले जाते ते बव्हंशी एवढ्यावर थांबते.

संमती शेवटी घेतली जाते. विकासक, मजले, पार्किंगची पद्धत, कोणती इमारत आधी पाडायची, हे सगळे तोवर ठरून गेलेले असते. सहभाग हवा असतो तो हे ठरण्याआधी. सहकार कायद्याच्या कलम 79-अ खाली 3 जानेवारी 2009 रोजी निघालेल्या आणि 4 जुलै 2019 रोजी सुधारलेल्या सूचनांचा भर कशावर आहे? सभेची गणसंख्या, निबंधकाच्या प्रतिनिधीची हजेरी, सभेचे चित्रीकरण, निविदा, 51 टक्के सभासदांची लेखी संमती. गैरव्यवहार रोखायला हे हवेच. सभासदांनी सूचना द्याव्यात आणि सोसायटीने नेमलेल्या प्रकल्प सल्लागाराने त्या विचारात घ्याव्यात, असेही त्यांत आहे. पण विचारात घेतल्या म्हणजे काय केले, नाकारल्या तर कारण कोणाला आणि किती दिवसांत सांगायचे, याचा पत्ता नाही. शिवाय या सूचना बंधनकारक नसून दिशादर्शक आहेत असे उच्च न्यायालयाने एकाहून अधिक निकालांत म्हटले आहे. म्हणजे पाळल्या तर चांगले, नाही पाळल्या तर कोर्टात जाऊन भांडत बसा.

अशा रचनेत चर्चेला एकच विषय उरतो: किती चौरस फूट. त्याचे कारण रहिवाशांचा हावरेपणा नव्हे, नियमाची घडण आहे. विकास नियंत्रण नियमावलीच्या 33(5) नुसार म्हाडा वसाहतीतल्या गाळेधारकाला सध्याच्या चटई क्षेत्रावर (भिंतींच्या आतल्या वापरायच्या जागेवर) 35 टक्के वाढीव, आणि किमान 35 चौरस मीटर, एवढा मूळ हक्क मिळतो. भूखंड मोठा असेल तर त्यावर आणखी भर पडते. त्याच्या वर जे मिळेल ते घासाघीस करून. लिफ्टची संख्या, दोन इमारतींमधले अंतर, जिन्यातला उजेड यांची अशी तुलना फलकावर छापता येत नाही, क्षेत्रफळाची येते. शेजारच्या सोसायटीला 550 मिळाले आणि आपल्याला 520, हे कोणालाही कळते. वाढीव 30 फुटांसाठी विकासकाला बाजारात विकायच्या घरांची, म्हणजे विक्रीची, इमारत आणखी उंच करावी लागली, ती आपल्या खिडकीसमोर सरकली आणि मधल्या चौकात पोडियम, म्हणजे पार्किंगचा उंच चौथरा, आला, हे ताबा मिळाल्यावर कळते.

दोन इमारतींमधले अंतर हा वास्तुविशारदांचा नाजूक छंद नव्हे. गोवंडीचे नटवर पारेख कंपाउंड आणि मानखुर्दचे लल्लूभाई कंपाउंड या पुनर्वसन वसाहतींत सात-आठ मजली इमारती जेमतेम तीन मीटर अंतरावर उभ्या आहेत. तिथल्या घरांत पोहोचणारा उजेड, वारा आणि क्षयरोगाचे प्रमाण यांचा संबंध ‘डॉक्टर्स फॉर यू’ ही संस्था आणि आयआयटी मुंबई यांच्या अभ्यासात पुढे आला. झळ बसली ती विशेषतः खालच्या मजल्यांना. त्या घरांचे क्षेत्रफळ कागदावर नियमात बसत होते.

आणखी एक गोष्ट एकट्या सोसायटीच्या हातात नसते. चेंबूरचे टिळक नगर किंवा विक्रोळीचे कन्नमवार नगर पाहा. प्रत्येक सोसायटीने आपापला विकासक गाठला, आपापला मनोरा उभा केला. रस्ते, मलवाहिनी, मैदान, शाळा मात्र तीन-चार मजली वसाहतीच्या मापाची राहिली. इथे एकेका सोसायटीच्या सभेत कितीही चांगली चर्चा झाली तरी उपयोग नव्हता, कारण प्रश्न संपूर्ण अभिन्यासाचा, म्हणजे सगळ्या वसाहतीच्या एकत्र मांडणीचा (लेआउटचा), होता आणि अभिन्यासाची सभा नावाची गोष्टच अस्तित्वात नाही. ती निर्माण करायला कायदा बदलावा लागत नाही. म्हाडाने सोसायटीला पुनर्विकासाचे देकारपत्र (ऑफर लेटर) देण्याआधी एका अभिन्यासातल्या सर्व सोसायट्यांची संयुक्त सुनावणी ठेवावी आणि रस्तारुंदी, पाणी, मलनि:सारण, मोकळी जागा यांचा एकत्र आराखडा तिथे मांडावा, एवढेच लागते.

सहभाग घ्यायचा तर सुरुवात नकाशापासून नको, यादीपासून हवी. पात्रतेची यादी हे या व्यवहारातले सगळ्यात स्फोटक कागदपत्र. मूळ गाळेधारक वारलेला, वारसा नोंद झालेली नाही. दोन भावांनी एकाच खोलीत पडदा टाकून दोन संसार केलेले. घर साध्या मुखत्यारपत्रावर विकलेले, हस्तांतरण नियमित केलेले नाही. सेवाशुल्काची थकबाकी. पोटभाडेकरू, ज्याचे नाव कुठेच नाही आणि ज्याची मुले मात्र याच वसाहतीच्या शाळेत जातात. सर्वेक्षणाचे पथक सकाळी 11 ते 5 या वेळात येते, दाराला कुलूप दिसते, ‘बंद’ असा शेरा पडतो. पुढे तो शेरा पुसायला दोन-दोन वर्षे कार्यालयाचे जिने चढावे लागतात. त्यापेक्षा पथकाने प्रत्येक घरी तीन वेगवेगळ्या वेळी यावे, त्यातली एक रविवारची. कच्ची यादी प्रत्येक जिन्यात लावावी. हरकतीला 30 दिवस द्यावेत. आणि हरकतींची सुनावणी वसाहतीतच, संध्याकाळी घ्यावी. यादी पक्की होण्याआधी सह्यांची मोहीम सुरू झाली की यादी हे दबावाचे साधन बनते: सही केली तर नाव ‘बघून घेऊ’, नाही केली तर कागद अपुरे.

यादीनंतर येतो क्रम. कोणाला आधी हलवायचे, कुठे, किती काळासाठी. लोक जिथे सर्वाधिक हरतात ती जागा हीच, आणि याची साक्ष परदेशातूनही मिळते. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल शहरात बायकर ही कामगारवस्ती पाडून नव्याने बांधताना वास्तुविशारद राल्फ अर्स्किन यांनी 1969 साली वस्तीतच, अंत्यविधीचे साहित्य पुरवणाऱ्या एका बंद पडलेल्या दुकानात कार्यालय थाटले. लोक येता-जाता आत डोकावत, नकाशे बघत, भांडत. लोकसहभागाचे उदाहरण म्हणून हे काम जगभर शिकवले जाते आणि वसाहत देखणी झालीच. पण पाडकाम बांधकामापेक्षा वेगाने पुढे गेले आणि कुटुंबे पांगली. नव्या बायकरमध्ये मूळ रहिवाशांपैकी 20 टक्केही उरले नाहीत. रंग, ओटे, कुंड्या यांवर लोकांचे मत घेतले गेले. पाडकामाचा वेग मात्र त्यांच्या हाती नव्हता.

आपल्याकडचे उदाहरण गोरेगावच्या सिद्धार्थ नगरचे, म्हणजे पत्राचाळीचे. 672 कुटुंबे. सोसायटी, म्हाडा आणि विकासक यांच्यात त्रिपक्षीय करार 2008 साली झाला. घरे पाडली गेली, काही वर्षांनी भाडे थांबले, पुनर्वसनाच्या इमारती अर्धवट राहिल्या. म्हाडाने विकासकाला दूर केले 2018 मध्ये आणि थांबलेले काम पुन्हा सुरू व्हायला 2022 उजाडले. तिथे सह्या होत्या, करार होता, सरकारी यंत्रणाही करारात होती. नव्हते ते एवढेच: पुनर्वसनाची इमारत ठराविक टप्प्यापर्यंत चढल्याशिवाय विक्रीच्या भागाला हात लावता येणार नाही, याचे घट्ट कुलूप आणि त्याची किल्ली रहिवाशांकडे.

म्हणून रहिवाशांनी चटई क्षेत्राच्या आधी चार अटी मागाव्यात. पर्यायी घराचा नोंदणीकृत करार झाल्याशिवाय घर रिकामे करायचे नाही. नवे घर कोणत्या इमारतीत, कितव्या मजल्यावर, कोणत्या क्रमांकाचे, हे सोडतीने घर सोडण्याआधी ठरावे. किमान 36 महिन्यांचे भाडे एस्क्रो खात्यात, म्हणजे ठरल्या कामाखेरीज पैसे काढता न येणाऱ्या खात्यात, आधी जमा व्हावे. 11-11 महिन्यांचे पुढील तारखेचे धनादेश ही हमी नव्हे, विकासकाच्या खात्यात पैसे नसले की ते नुसते कागद. आणि बँक हमी. 79-अ च्या सूचनांत प्रकल्पखर्चाच्या 20 टक्के बँक हमीचा उल्लेख आहे. प्रत्यक्षात सौदा पुढे सरकावा म्हणून पहिली सोडली जाणारी अट हीच असते.

यातल्या पहिल्या दोन अटी स्वप्नाळू नाहीत. ब्रिटिश काळात सरकारच्या विकास खात्याने बांधलेल्या बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात त्या मिळाल्या, आणि सहज नव्हे, लोक अडून बसले म्हणून मिळाल्या. 1920 च्या दशकात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे 207 चाळी उभ्या राहिल्या. तळमजला अधिक तीन मजले, एका चाळीत 80 खोल्या, खोली 160 चौरस फुटांची. शिवडीच्या चाळी बंदर प्राधिकरणाच्या जमिनीवर असल्याने बाजूला राहिल्या. उरलेल्या तीन ठिकाणांचे काम म्हाडाकडे आले, घर ठरले 500 चौरस फुटांचे. एप्रिल 2017 मध्ये भूमिपूजन झाले. वरळीतल्या पहिल्या 556 कुटुंबांच्या हाती किल्ल्या पडल्या त्या ऑगस्ट 2025 मध्ये. या आठ वर्षांत नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या रहिवाशांनी ‘आधी करार, मग खोली’ असा हेका धरला तेव्हा त्यांना विकासविरोधी म्हटले गेले. पण करारनामा आणि आधीच घर निश्चित करणारी सोडत या दोन्ही गोष्टी पुढे पद्धतीचा भाग बनल्या. 2016 मध्येच हे सरळ विचारले असते तर मधला बराच विरोध टळला असता.

आता नकाशा. इथे सभागृहातले सादरीकरण जवळपास निरुपयोगी असते. पडद्यावरच्या चित्रात झाडे भरदार, माणसे गोरी आणि सोफा नेहमी लहान. त्याऐवजी मैदानात चुन्याने घर खऱ्या मापात आखावे: 25 फूट बाय 20 फूट, म्हणजे 500. भिंतींची जाडी आत धरू नका, दारांच्या उघडण्याचे चाप मात्र जरूर काढा. मग त्यात लोकांना आपले सामान ठेवायला सांगा: सहा बाय चारचा पलंग, दोन फूट खोलीचे कपाट, फ्रिज, शिवणयंत्र, देव्हारा. अर्ध्या तासात जे प्रश्न निघतात ते तीन सभांत निघत नाहीत. जुन्या खोलीला पोटमाळा होता. गाद्या, पाण्याची पिंपे, गणपतीची मखर, सगळे वर जायचे. नव्या घराची छत-उंची तो करू देत नाही, तर ते सामान कुठे? मोरी गेली, तिच्या जागी न्हाणीघर आले. भांडी घासायची आणि धुणे वाळत घालायचे कुठे? मग लोक खिडकीबाहेर जाळी ठोकतात, आणि सोसायटी त्यांना नोटिसा काढते. स्ट्रेचर लिफ्टमध्ये आडवे मावते का, हेही चुन्यानेच तपासावे. घरात म्हातारी माणसे असलेला कोणीही हा प्रश्न पहिल्या पाचात विचारतो. आराखड्याच्या बैठकीत तो क्वचित येतो.

चाळीचा व्हरांडा गेला याचे हळवे दु:ख पुष्कळ लिहिले जाते. मला त्यातला व्यवहार महत्त्वाचा वाटतो. व्हरांड्यात निवडणे-टिपणे होई, पापड वाळत, मुलांवर चार घरांचे लक्ष असे, घरगुती शिकवण्या चालत. 40 मजली इमारतीत ही कामे थांबत नाहीत, फक्त त्यांना जागा राहत नाही. दर पाच मजल्यांमागे एक उजेडाची मोकळी खोली ठेवली तर ती भागतात. अशी खोली चटई निर्देशांकात, म्हणजे भूखंडावर किती बांधता येते त्या मापात, धरायची की नाही हा नियमाचा प्रश्न आहे आणि तो निविदेआधीच सोडवावा लागतो.

सगळ्यात मोठा घोळ पुढे होतो, देखभाल खर्चाचा. चाळीत महिन्याचे भाडे इतके किरकोळ की कोणी हिशेब ठेवत नसे. मनोऱ्यात लिफ्ट, पंप, सामायिक वीज, पहारा, सफाई, अग्निशमन यंत्रणा, सांडपाणी प्रक्रिया, विमा आणि मालमत्ता कर आला. आदर्श उपविधींनुसार दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वार्षिक 0.75 टक्के आणि सिंकिंग फंड, म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठी साठवायचा निधी, 0.25 टक्के. समजा एका घराचा बांधकाम खर्च 25 लाख धरला. दोन्ही मिळून वर्षाला 25,000, महिन्याला सुमारे 2,080 रुपये झाले, आणि अजून लिफ्टचा एक दिवाही लागलेला नाही. उंच इमारतीच्या अग्निशमन यंत्रणेचे परवानाधारक संस्थेकडून बी नमुन्यातले प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैला द्यावे लागते. यंत्रणा बंद पडली की ते मिळत नाही आणि ती चालू ठेवायला पैसे लागतात. 220 घरांना दोनच लिफ्ट दिल्या आणि त्यातली एक बिघडली की 18 व्या मजल्यावरच्या बाईला आठवडाभर पाण्याचा हंडा नव्हे, पण भाजीची पिशवी घेऊन जिना चढावा लागतो.

यावरचा नेहमीचा उतारा कॉर्पस फंड, म्हणजे व्याजातून देखभाल भागावी म्हणून विकासकाने द्यायची ठेव. पाच लाख रुपये 7 टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला 35,000, म्हणजे महिन्याला 2,900 च्या आसपास. व्याज आहे तेवढेच राहते. देखभाल वर्षाला 6 टक्क्यांनी वाढली तर बारा वर्षांत दुप्पट होते. म्हणून ‘कॉर्पस किती’ हा प्रश्न अर्धाच आहे. दहाव्या वर्षी महिना किती भरावा लागेल, आणि विक्रीच्या इमारतीतल्या सामायिक सोयींचा भार पुनर्वसनाच्या सोसायटीवर पडणार का, हे निविदेतच लेखी मागायला हवे. ज्याला देखभाल परवडत नाही तो घर विकतो किंवा भाड्याने देऊन लांब जातो. पाडकामात टिकलेले कुटुंब असे बिलापायी जाते, आणि त्याची कुठेच नोंद होत नाही.

हे हिशेब रहिवाशांनी एकट्याने करावेत ही अपेक्षा चुकीची आहे. प्रकल्प सल्लागार नेमला जातो, पण बहुतेक ठिकाणी त्याचे पैसे शेवटी विकासकाकडून येतात, आणि ज्याचे पैसे त्याचा कल. रहिवाशांचा स्वतंत्र तांत्रिक सल्लागार हवा: एक वास्तुविशारद, एक वकील, एक हिशेबनीस, निविदेच्या किमान सहा महिने आधीपासून. त्यांचे शुल्क म्हाडाने प्रकल्पखर्चात धरावे आणि विकासक निवडला गेला की त्याच्याकडून वसूल करावे. सगळ्या प्रकल्पाच्या तुलनेत ही रक्कम क्षुल्लक असते.

प्रतिनिधी कोण, हाही प्रश्न आहेच. सोसायटीची समिती म्हणजे रहिवासी नव्हेत. अध्यक्ष आणि विकासक यांची सकाळची चहाची बैठक हा सहभाग नव्हे. प्रत्येक मजल्यामागे एक प्रतिनिधी, निम्म्या बायका. घरूनच डबे देणाऱ्या किंवा शिवणकाम करणाऱ्या बाईला आणि तळमजल्यावरच्या दुकानदाराला वेगळे बोलावा, कारण सर्वसाधारण सभेत त्यांचे प्रश्न ‘नंतर बघू’ मध्ये जातात. सभा पाण्याच्या वेळेत ठेवू नये. इतिवृत्त तीन दिवसांत जिन्यात लावावे आणि त्यालाच जोडून एक तक्ता असावा: सूचना काय, निर्णय काय, नाकारली तर कारण काय. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात टाळले जाणारे साधन हेच.

‘एवढे विचारत बसलो तर इमारत कधी उभी राहणार’ हा आक्षेप खोटा नाही. मोडकळीला आलेल्या इमारतीत पावसाळा हीच मुदत असते. पण विलंब कुठे होतो ते पाहावे. वर्षे जातात ती न्यायालयात, यादीच्या वादात, अर्धवट सोडून गेलेल्या विकासकाच्या मागे. चुन्याच्या नकाशाला दोन रविवार लागतात. आणि ‘लोकांना फक्त फूट हवेत’ हा दुसरा आक्षेप अर्धा खरा आहे. दुसरे काही विचारलेच नाही तर लोक दुसरे काय मागणार?

लंडनमध्ये जुलै 2018 पासून नियम आहे: घरे पाडून 150 किंवा अधिक नवी बांधायची आणि महापौरांच्या निधीतून पैसे हवे असतील, तर आधी रहिवाशांचे गुप्त मतदान घ्यावे लागते, आणि त्याआधी घरमालक संस्थेने रहिवाशांना लेखी प्रस्ताव द्यावा लागतो: किती घरे, कोणत्या स्वरूपाची, परत येण्याचा हक्क, भरपाई. त्यातही खोट आहे. मतदान एकदाच होते आणि प्रचाराचा पैसा एकाच बाजूकडे असतो. तरी एक गोष्ट घेण्यासारखी आहे: तिथे मत माणसाला पडत नाही, लेखी प्रस्तावाला पडते, आणि तो प्रस्ताव निधीच्या आधी येतो.

म्हाडाने पुढच्या निविदेपासून इतके केले तरी पुरे. पक्की पात्रता यादी, स्थलांतराचा क्रम, घराचा नमुना, दहाव्या वर्षाचा देखभाल खर्च आणि विकासक बुडाला तर पुढे काय, हे पाच कागद रहिवाशांसमोर 90 दिवस ठेवावेत, त्यांवर गुप्त मतदान घ्यावे, आणि मंजूर झालेले कागद जसेच्या तसे निविदेचे जोडपत्र करावेत. संमतीपत्र त्यानंतर छापावे, आणि त्यावर तारीख रहिवाशाने स्वतःच्या हाताने घालावी.